राहत्या पत्त्याचा पुरावा

प्रस्तुत पुस्तकाच्या प्रकाशकांनी माझ्याकडे फोटो मागितला, तेव्हा मी त्यांना पासपोर्ट साइझ फोटो पाठवून दिला. पांढरी पार्श्वभूमी, दोन्ही कान दिसताहेत, मागे सही. बावीस वर्षं बँकेत नोकरी केलेल्या माणसाला फोटो म्हटलं की दुसरं काही सुचत नाही. दुसऱ्या दिवशी प्रकाशकांचा फोन आला.

‘‘अहो, हा काय फोटो पाठवलात? ‘घरातून निघून गेले आहेत’ अशा जाहिरातीला चालेल हा. मलपृष्ठावर लेखक घरात असलेला दिसला पाहिजे. निवांत, सहज बसलेला. कलावंत आपल्या घरी, असं काहीतरी पाठवा.’’

पुस्तकाच्या शेवटच्या पानाला ‘मलपृष्ठ’ म्हणणाऱ्याचं लेखकांविषयी काय मत होतं ते उघड आहे. तरीही मी खूश झालो. मला उद्देशून ‘कलावंत’ हा शब्द पहिल्यांदाच वापरला गेला होता. बँकेत मला ‘काउंटर नंबर चार’ म्हणतात आणि घरी नुसतं ‘अहो’.

आता फोटोवर मी काही बोलावं का, असा प्रश्न कुणी विचारील. त्याला माझं उत्तर असं, की दुसऱ्याच्या फोटोकडे संशयाने पाहण्याचा पगार घेणारा माणूस समीक्षकापेक्षा वेगळा कसा? खातं उघडताना आम्ही दोन गोष्टी मागतो. माणूस कोण, याचा पुरावा म्हणजे फोटो; आणि राहतो कुठे, याचा पुरावा म्हणजे विजेचं बिल. कलावंताचा घरातला फोटो म्हणजे हे दोन्ही पुरावे एकाच कागदावर. तेव्हा तो तपासायचा अधिकार बी. कॉम. झालेल्या माणसाइतका दुसऱ्या कुणाला असेल असं मला वाटत नाही.

आमचं घर वागळे इस्टेटमध्ये आहे. 1962 साली यशवंतराव चव्हाणांच्या उपस्थितीत एम.आय.डी.सी.चा जन्म झाला तो इथे. त्यामुळे इथल्या रस्त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. रोड नंबर सोळा, रोड नंबर बावीस. पुण्यात एखादा कलावंत गेला की गल्लीला त्याचं नाव मिळतं; आमच्याकडे नाव मिळवायचं तर आधी नंबर रिकामा व्हायला हवा. पूर्वी इथे लेथचा आणि प्रेसचा आवाज असायचा. आता बऱ्याच शेडच्या जागी काचेच्या इमारती उभ्या आहेत, आणि त्यांत माणसं आवाज न करता काम करतात. अशा ठिकाणी दोन खोल्यांच्या घरात ‘निवांत कलावंत’ शोधायचा होता.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या माझ्या भाच्याला बोलावलं. त्याने घरात शिरून चारही दिशांना मान फिरवली आणि म्हणाला, ‘‘मामा, बॅकग्राउंड कुठाय?’’

बॅकग्राउंड होतंच. फार होतं. एका भिंतीला लोखंडी कपाट, त्याच्यावर दोन बॅगा, बॅगांवर गणपतीचं मखर, मखरावर जुना टेबलफॅन. दुसऱ्या भिंतीला दोरी आणि दोरीवर कपडे. तिसरीला शोकेस, तिच्यात पुस्तकं आणि पुस्तकांच्या पुढे बाहुल्या. चौथ्या भिंतीशी आई जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती.

मग सौ.ने पदर खोचला. कपडे गेले, औषधांचा डबा गेला, मिक्सर गेला, पाण्याची कळशी गेली, भिंतीवरचं दुधाचा हिशेब लिहिलेलं कॅलेंडर गेलं. बाहुल्यांना स्वयंपाकघरात पाठवलं. शेवटी ‘‘आई, तुम्ही जरा आत बसता का?’’ असं म्हणून तांदळाच्या ताटासह आईही गेली. अर्ध्या तासात घरातून घर नाहीसं झालं. उरली एक खुर्ची, तिच्यात मी, आणि माझ्या हातात एक कप.

दिवाळी अंकांत पाहिलेले साहित्यिक आठवून मी हनुवटीला हात लावला. भाचा म्हणाला, ‘‘मामा, दाढ दुखतेय का?’’ हात काढला, तर चेहरा कर्ज नामंजूर झालेल्या अर्जदारासारखा दिसू लागला. वीस फोटो काढले. विसांतही एक गृहस्थ दुसऱ्याच्या घरी वाट पाहत बसलेले दिसत होते.

अपयश आलं की माणूस अभ्यासाला लागतो. मीही लागलो. पुस्तकं उसनी आणली, मुलाच्या मोबाइलवर शोधलं, आणि थोरामोठ्यांचे घरातले फोटो बँकेत व्हाउचर तपासतात तसे तपासायला घेतले.

पहिलाच दाखला मनाला उभारी देणारा निघाला. अर्नोल्ड न्यूमन या अमेरिकन फोटोग्राफरने 1946 साली संगीतकार स्ट्राव्हिन्स्कीचा फोटो काढला. पियानोचं भलंमोठं काळं झाकण जवळजवळ सगळी चौकट व्यापून बसलंय, आणि खाली डाव्या कोपऱ्यात कोपर टेकून, हाताला डोकं लावून, छोटासा संगीतकार. कलावंत आणि त्याचं वाद्य म्हटलं की जगभर आजही हा फोटो दाखवतात. पण चौकशी करता कळलं, की ते घर स्ट्राव्हिन्स्कीचं नव्हतं. ज्या मासिकासाठी फोटो काढला त्याच्या एका संपादकाचं ते न्यूयॉर्कमधलं घर. पियानोही तिथलाच. आणि इतकं करून मासिकाने फोटो नाकारला! म्हणजे पत्ता दुसऱ्याचा, पुरावा नामंजूर, आणि फोटो अजरामर. आमच्या शाखेत असं प्रकरण आलं असतं तर फाइल बंद झाली असती. पण न्यूमनने निदान लबाडी केली नाही. त्याला घर दाखवायचंच नव्हतं. त्याला त्या माणसाचं संगीत एका काळ्या आकारात दाखवायचं होतं, आणि ते त्याने दाखवलं.

आपल्याकडे गौतम राजाध्यक्षांचं असंच होतं. 1997 साली त्यांचं ताऱ्यांच्या फोटोंचं पुस्तक निघालं, त्याचं नाव ‘फेसेस’. चेहरे! घर दाखवतो असं त्यांनी कधी म्हटलं नाही. प्रकाश कुठून आणायचा, सावली कुठे ठेवायची, मान किती वळवायची, हे ठरवून ते चेहरा उजळायचे, आणि समोरचा माणूस स्वतःला जितका सुंदर समजत असेल त्याहून थोडा अधिक दिसायचा. हा उघड व्यवहार झाला. माझी तक्रार आहे ती घर दाखवतो असं सांगून चेहराच दाखवणाऱ्या फोटोंबद्दल.

आता तो दुसरा प्रसिद्ध फोटो घ्या. रोबेर द्वानो नावाच्या फ्रेंच फोटोग्राफरने 1952 साली वालोरिस गावी पिकासोच्या घरी काढलेला. पिकासो जेवायच्या टेबलाशी बसलाय, अंगात आडव्या पट्ट्यांचा गंजीसारखा शर्ट, आणि टेबलाच्या कडेवर पाव असे ठेवलेत, की ते पिकासोचेच जाडजूड पंजे वाटावेत. पाहताक्षणी हसू येतं. मुलाला दाखवला, तोही हसला. आईला दाखवला. आई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, ‘‘ताट कुणी वाढलं?’’

माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत एवढा नेमका ऑडिट-शेरा कुणी मारलेला मला आठवत नाही.

कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला आम्हाला जे सूत्र घोकायला लावलं, ते आयुष्यात एवढ्यासाठीच उपयोगी पडायचं होतं: घेणाऱ्याचं खातं नावे, देणाऱ्याचं खातं जमा. कुठल्याही व्यवहाराच्या दोन नोंदी हव्यात. एकच असेल तर कुठेतरी गडबड आहे. कलावंताच्या हातात चहाचा कप आहे, म्हणजे कुणीतरी तो दिला आहे. फोटोत घेणारा दिसतो. देणाऱ्याचं खातं उघडलेलंच नसतं.

पिकासोच्या घरी हे खातं पुढे उघडलं गेलं. त्या काळात त्याच्यासोबत राहणारी फ्रान्स्वाज जिलो स्वतः चित्रकार होती. 1953 साली ती मुलांना घेऊन निघून गेली, आणि 1964 साली तिने त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं. ते फ्रान्समध्ये निघू नये म्हणून पिकासोने कोर्टकचेऱ्या केल्या आणि हरला. बाई 2023 साली वारली, वय एकशे एक. पावाच्या बोटांना हसून झालं की हे पुस्तक शेजारी ठेवावं. मगच खातं जुळतं.

परदेशातली उदाहरणं देऊन विद्वत्ता दाखवतोय असं कुणाला वाटेल, म्हणून कलकत्त्याला येतो. सत्यजित राय यांचे फोटो पंचवीसेक वर्षं निमाई घोष काढत होते. ते मूळचे नाटकवाले. त्यांच्या हाती कॅमेरा आला त्याची गोष्ट बँकवाल्याने सोन्याने मढवून ठेवावी अशी आहे. त्यांच्या एका मित्राला टॅक्सीत कुणीतरी विसरलेला कॅमेरा सापडला. मित्र त्यांचं 240 रुपये देणं लागत होता. त्या देण्यापोटी कॅमेरा घोषबाबूंनी ठेवून घेतला. थकीत कर्जाची इतकी फलदायी वसुली मी तरी दुसरी पाहिलेली नाही. मग बिशप लेफ्रॉय रोडवरच्या घरातले ते फोटो: खिडकीचा उजेड, पुस्तकांचे आणि कागदांचे ढीग, खुर्चीत पाय मुडपून बसलेले उंचच उंच राय, मांडीशी टेकवलेली वही. त्यात आवराआवर नाही. पंचवीस वर्षं येणाऱ्या माणसासाठी कोण आवरणार? पाहुणा एकदाच आला तर घर नटतं. रोज यायला लागला की घर त्याच्याकडे दुर्लक्ष करतं, आणि ते दुर्लक्ष करतं तेव्हाच त्याचा फोटो निघतो.

दयानिता सिंग यांचंही तसंच. अहमदाबादला विद्यार्थिनी असताना त्या झाकीर हुसेनचे फोटो काढायला मैफलीत गेल्या, आणि आयोजकांपैकी कुणीतरी त्यांना ढकलल्यामुळे पडल्या. अपमान झालेल्या त्या मुलीने झाकीरभाईंनाच ऐकवलं, की आज मी विद्यार्थिनी आहे, पण एक दिवस मोठी फोटोग्राफर होईन, मग बघू. झाकीरभाई हसले आणि त्यांनी तिला बोलावून घेतलं. पुढे सहा हिवाळे ती वादकांच्या त्या गोतावळ्याबरोबर गावोगाव हिंडली, घरी गेली, आणि 1986 साली तिचं पहिलं पुस्तक निघालं. त्याच सुमारास आपण सगळे झाकीर हुसेनना टीव्हीवर पाहत होतो: मागे ताजमहाल, पुढे तबला आणि चहा. ताजमहालात कुणी राहत नाही, त्यामुळे ‘तिथे चहा कुणी केला’ हा आईचा प्रश्न आपल्याला तेव्हा पडला नाही. झाकीरभाई 2024 च्या डिसेंबरात गेले. त्यांची आठवण काढताना माझ्या डोळ्यांपुढे जाहिरातीच आधी येतात, यात दोष माझा. पण त्या मुलीने घालवलेले सहा हिवाळे आणि जाहिरातवाल्यांचे तीस सेकंद यांत अधिक काय टिकतं, ते व्याजाच्या कोष्टकाला विचारायला नको.

मात्र एक गोष्ट मला निमाईबाबूंच्या इतक्या सुंदर फोटोंतही दिसली नाही. ‘पथेर पांचाली’ पैशांअभावी अडला, तेव्हा बिजोया राय यांचे दागिने गहाण पडले होते. आता गहाण पडलेल्या दागिन्यांचा फोटो कसा काढायचा, हा प्रश्न आहेच. नसलेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही. म्हणून तर त्यांनाही शेवटी आठवणी लिहाव्या लागल्या.

आणि इथे मला आमच्या मराठीचा मोठा अभिमान वाटला. कलावंतांचे घरातले फोटो जगभर निघतात. पण देणाऱ्याचं खातं लिहून काढण्यात मराठी बायकांचा हात धरणारं कुणी नसावं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1930 च्या दशकात आली. नावातच चित्रं आहेत! रेव्हरंड टिळकांचा फोटो पाहिला तर भव्य दाढी दिसते. त्या दाढीच्या मागे घरात किती वेळा चूल विझली आणि पेटली, ते लक्ष्मीबाईंकडून कळतं. 1990 साली सुनीताबाई देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ आलं, आणि पु. लं.चा हसरा फोटो भिंतीवर लावलेल्या महाराष्ट्राला एकदम ठसका लागला. आमच्या ठाण्यात डॉ. काशिनाथ घाणेकरांच्या नावाचं नाट्यगृह आहे. त्यांच्या घरात काय चालायचं ते कांचनताईंनी ‘नाथ हा माझा’मध्ये लिहून ठेवलंय. लोक म्हणतात, या बायकांनी थोरांची बदनामी केली. अहो, बदनामी कसली? राहून गेलेली दुसरी नोंद केली. टॅली झालेलं खातं पाहून इतकं दचकायला काय झालं?

एक घर मात्र असं सापडलं, की तिथे ही नोंद आधीच होती आणि तीही दारावर. देवासचं कुमार गंधर्वांचं घर. लग्नानंतर लवकरच कुमारांना क्षयाने गाठलं. काही वर्षं अंथरूण, गाणं बंद. त्या काळात भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी करून घर चालवलं आणि शुश्रूषाही केली. कुमार उठले, पुन्हा गायला लागले, आणि कसे गायला लागले ते मी सांगायला नको. 1961 साली भानुमतीबाई गेल्या. घराचं नाव ‘भानुकुल’. कुमारांचा देवासच्या घरातला कुठलाही फोटो पाहा, त्यात बाई नसतील. पण ‘भानुकुल, देवास’ असा पत्ता लिहिला, की जमेची नोंद आपोआप होते. राहत्या पत्त्याचा एवढा चोख पुरावा माझ्या टेबलावर कधी आला नाही.

आणि एक घर आमच्याच जिल्ह्यातलं. म्हणजे तेव्हाच्या, 2014 साली पालघर वेगळा झाला. डहाणूकडचे जिव्या सोमा म्हशे, वारली चित्रकार. 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार, 2011 साली पद्मश्री, 2018 साली गेले. त्यांच्या फोटोत मागे भिंत दिसली की समजावं, ही ‘बॅकग्राउंड’ नव्हे. कुडाची भिंत, गेरू, वर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. वारली चित्राचा जन्मच तिथला. बाकीच्या कलावंतांचं घर चित्राच्या मागे असतं, इथे घर हेच चित्र. फक्त एक आठवावं, की लग्नाचा चौक लिहिण्याचं काम परंपरेने सवाष्णींचं. कित्येक पिढ्या त्यांनी भिंती रंगवल्या आणि पावसाळ्यांनी पुसल्या. त्यांचा फोटो नाही, नावही नाही. पुरुषाने ब्रश धरला तेव्हा फोटोग्राफर आले.

एवढा अभ्यास झाल्यावर मी फार शहाणा झालो होतो. लेख जवळजवळ तयार होता. तेवढ्यात नोव्हेंबर आला.

नोव्हेंबर हा बँकेत हयातीच्या दाखल्यांचा महिना. पेन्शनरांनी आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचं. येऊ न शकणाऱ्यांच्या घरी आमच्यापैकी कुणीतरी जातं. हल्ली मोबाइलवर ॲप असतं. त्यात एक गोल येतो, गोलात चेहरा धरायचा, डोळे मिटून उघडायचे, की माणूस जिवंत असल्याची सरकारला खात्री पटते. तर किसननगरच्या एका चाळवजा इमारतीत मला एका निवृत्त टर्नरकडे पाठवलं. या इस्टेटीत पस्तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. वर्षभर आजारी, कॉटवर पडून. मी कागद काढत असताना त्यांची बोटं कॉटच्या लोखंडी पाइपावर चाललेली दिसली. आधी वाटलं, हात थरथरतोय. मग लक्षात आलं, की थरथर समेवर येते आहे.

‘‘वाजवता का काही?’’ मी विचारलं.

उत्तर आजींनी दिलं. ‘‘मृदंग. भजनी मंडळात. लांबलांबून बोलावणं यायचं त्यांना.’’

मी तर नुकता अभ्यास करून आलेला समीक्षक. म्हटलं, चला, कलावंत आपल्या घरी! विचारलं, ‘‘मग घरी रियाझ कधी करायचे?’’

आजी माझ्याकडे पाहतच राहिल्या. ‘‘घरी? घरी कुठं वाजवणार? ही एक खोली. तीन पोरं. शेजारी रातपाळीवाले, ते दिवसा झोपायचे. ह्यांचा मृदंग देवळातच असायचा. घरी मांडीवर बोटं चालवायचे, आवाज न करता. माझं लगीन झाल्यावर अकरा वर्सांनी मी ह्यांचं वाजवणं ऐकलं. ते बी देवळात, बायकांच्या बाजूला बसून.’’

टर्नरसाहेब हसले. म्हणाले, ‘‘कारखान्यात लेथच्या तालावर धरायचो ना. तिथं कुणाची झोपमोड नव्हती.’’

माझा सगळा अभ्यास तिथे त्या कॉटच्या पायाशी बसला. मी इतके दिवस विचारत होतो, की कलावंताच्या घरातल्या फोटोत कोण दिसत नाही. इथे घरात कलावंतच दिसत नव्हता. घर एवढंसं, की कला करायला माणसाला बाहेर जावं लागलं, आणि घरी यायचं ते ती बाहेर ठेवून. रघु रायसारख्या मोठ्या फोटोग्राफरने शास्त्रीय संगीतातल्या उस्ताद-पंडितांवर 2010 साली पुस्तक केलं. मला ते फोटो आवडतात. पण उस्तादांना रियाझाला निदान एक कोपरा होता. या घरी कोणी थोर फोटोग्राफर आला असता, तरी त्याला काय मिळालं असतं? पायजम्यावर चालणारी चार बोटं.

मग दाखल्याचं काम सुरू केलं. मान स्थिर राहत नव्हती, त्यामुळे चेहरा गोलात बसेना. आजी कॉटच्या मागे गेल्या आणि त्यांनी दोन्ही तळव्यांत त्यांचं डोकं धरलं. चेहरा गोलात आला. ‘‘आजोबा, डोळे मिटा... उघडा.’’ मिटले, उघडले. ॲपने हिरवी खूण दाखवली: माणूस हयात आहे. पडद्यावर फक्त चेहरा होता. धरणारे हात गोलाच्या बाहेर राहिले होते. असायलाच हवेत; नियमाप्रमाणे दाखला एकाचाच निघतो.

निघताना आजींनी विचारलं, ‘‘साहेब, एक फोटू आमचा दोघांचा काढता का? ऑफिसचा नको. असाच.’’ मी काढला. कसा आला म्हणाल, तर पिकासोच्या पावांशेजारी ठेवता येणार नाही. उजेड कमी, मागे दोरीवर कपडे, कोपऱ्यात औषधांचा डबा. पण आजींनी ‘थांबा, आवरते’ म्हटलं नाही. आणि आजोबांचा हात पाइपावर होता, त्यामुळे बोटं तेवढी हलल्यासारखी आलीत. त्यांच्या आयुष्यातला घरच्या रियाझाचा तेवढाच फोटो असावा.

त्या रविवारी भाच्याला पुन्हा बोलावलं. सौ.ने सवयीने पदर खोचला, पण मी म्हटलं, ‘‘काही हलवायचं नाही.’’ तिला वाटलं, माझं डोकं फिरलं. ‘‘अहो, पुस्तकावर येणार ना फोटो? दोरीवर तुमच्या बनियनी आहेत!’’ म्हटलं, असू देत, त्याही माझ्या साहित्याइतक्याच माझ्या आहेत. कॅलेंडर राहिलं. आई तांदूळ घेऊन जागच्या जागी बसली आणि एकदा कॅमेऱ्याकडे बघून पुन्हा खडे वेचू लागली. सौ. मात्र काही केल्या फोटोत येईना. ‘‘माझे हात मेथीचे आहेत,’’ म्हणाली आणि आत गेली. पण चहा तर द्यायलाच हवा होता. ती कपबशी पुढे करत असताना भाच्याने बटण दाबलं.

फोटो प्रकाशकांना पाठवला. त्यांना ‘सहजता’ फार आवडली. फक्त मांडणीसाठी जरासा कापावा लागला, असं त्यांनी कळवलं. कॅलेंडर गेलं, बनियनी गेल्या, तांदळाच्या ताटासह आई पुन्हा एकदा आत गेली. उजवीकडून आणखी कापायचं होतं, पण मग कपच तुटत होता, म्हणून ते थांबले.

वाचकांनी आता हे पुस्तक उलटं करून पाहावं. लेखक आपल्या घरी निवांत बसलेले दिसतील. हातात बशी आहे. बशीच्या पलीकडच्या कडेला, अगदी चौकटीला लागून, दोन बोटं आहेत, आणि नीट पाहिलं तर एका नखाशी मेथीचं पान चिकटलेलं आहे. ती बोटं लेखकाची नाहीत. खाली नाव मात्र एकट्या लेखकाचं छापलं गेलं आहे. पुस्तकाला शुद्धिपत्र जोडायला प्रकाशक तयार नाहीत. तेव्हा ही दुरुस्ती वाचकांनी आपल्या हाताने करून घ्यावी.